काँक: आधी ओठ बघ, मग सुरी लाव

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "हॉटेल मॅनेजमेंट झालं, पुढच्या महिन्यात बहामातल्या नसाऊला एका हॉटेलच्या किचनमध्ये रुजू होतोय. तिथे काँक नावाची समुद्री गोगलगाय रोज हाताळावी लागते म्हणे. काँक म्हणजे आपला शंखच का? तो साफ कसा करायचा? कच्चा खातात ते चालतं का? मांस रबरासारखं होऊ नये म्हणून काय करायचं? आणि आईने देवघरासाठी शंख आणायला सांगितलाय, तो तिथून आणता येईल का?"

मी मूळचा वेंगुर्ल्याकडचा. बहामा आणि शेजारची टर्क्स अँड कैकोस बेटं मिळून चौदा वर्षं तिथल्या किचनमध्ये काढली, त्यातली बरीचशी मासळीच्या टेबलावर. वयाने मोठा आहे म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस.

पहिल्यांदा नाव. इंग्रजीत लिहिताना 'च' दिसतो, पण बोलताना कोणी काँच म्हणत नाही, काँकच म्हणतात. हैतीत त्याला लांबी म्हणतात, पोर्तो रिकोत कारूचो, क्युबात कोबो. शास्त्रीय नाव स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये स्ट्रॉम्बस गिगास असं ठेवलं, ते मधे दोनतीनदा बदललं, सध्या ॲलिजर गिगास चालतं. जुन्या पुस्तकांत वेगळं नाव दिसलं तरी प्राणी हाच. बर्म्युडा-फ्लोरिडापासून खाली ब्राझीलपर्यंतच्या उबदार पाण्यात तो राहतो. आपल्याकडे नाही.

आपल्या पूजेतला शंख वेगळा, अगदी वेगळ्या घराण्यातला. तो मन्नारच्या आखाताकडून येतो, वाळूतले किडे खातो, म्हणजे शिकारी आहे. काँक शाकाहारी. समुद्री गवताच्या पात्यांवर जे बारीक शेवाळ चढतं ते खरवडून खातो, दिवसभर चरतो. आकाराने फूटभर, तीस सेंटीमीटरपर्यंत. बाहेरून मळकट, आतून गुलाबी. शंखाच्या तोंडातून दोन दांड्या बाहेर येतात आणि प्रत्येक दांडीच्या टोकाला डोळा असतो, काळ्या बाहुलीभोवती पिवळसर कडं असलेला. टोपलीतला काँक त्या डोळ्यांनी तुझ्याकडे बघतो. डोळा तुटला तर नवा फुटतो. चालणंही वेगळं. बाकीच्या गोगलगायींसारखा तो सरपटत जात नाही. पायाच्या टोकाला कोयतीसारखं वाकडं, टणक नख असतं. ते वाळूत रोवून अंग पुढे फेकतो. एक उडी, मग जरा थांबतो, मग पुढची उडी. सरपटल्याची सलग वाट मागे राहत नाही, त्यामुळे वास काढत येणाऱ्या शिकाऱ्याला माग लागणं कठीण जातं. हे नख लक्षात ठेव, साफ करताना तेच हातात धरायचं आहे.

आता साफ करण्याआधीची गोष्ट सांगतो. तू ही विचारली नाहीस, पण मला सगळ्यात महत्त्वाची हीच वाटते.

काँक विकत घेताना त्याचा ओठ बघायचा. लहान काँकची कड सरळ आणि पातळ असते. तिथले लोक अशाला रोलर म्हणतात, कारण लाटेत तो गडगडतो. साडेतीन-चार वर्षांचा झाला की लांबी वाढायची थांबते आणि कड बाहेर वळून पंख्यासारखी पसरते. तो ओठ. पुढे आयुष्यभर शंख लांब होत नाही, ओठ तेवढा जाड होत जातो. वीस-पंचवीस वर्षं जगलेला म्हातारा काँक ठेंगणा, झिजलेला, जड आणि जाडजूड ओठाचा असतो, त्याला सांबा म्हणतात. बहामात कायदा असा की ओठ नीट पसरलेला असेल तरच काँक धरायचा.

पण ओठ पसरला म्हणजे तो वयात आला असं नाही. संशोधकांनी बहामातलेच काँक तपासून पाहिलं, तर पातळ ओठाच्या बऱ्याच जणांची बीजं तयारच झालेली नव्हती. ओठ साधारण १५ मिलिमीटर जाड झाला की मग तो अंडी घालण्याजोगा धरायचा, असा त्यांचा सल्ला. किचनमध्ये कोणी मोजपट्टी घेऊन बसत नाही. मी करंगळी लावतो. माझ्या करंगळीची रुंदी जवळपास तेवढीच आहे. ओठाची कड करंगळीपेक्षा बारीक दिसली की तो काँक मी परत देतो. हॉटेलच्या खरेदीत तुझं कोणी ऐकणार नाही सुरुवातीला, पण स्वतःसाठी घेताना हे पाळ.

इतकं का धरून बसायचं ते सांगतो. एक मादी एका वेळी वाळूने माखलेली, लांबलचक सुतासारखी अंड्यांची गुंडाळी घालते, त्यात लाखांनी अंडी असतात. तीन-पाच दिवसांत पिल्लं बाहेर पडतात, तीन-चार आठवडे पाण्याबरोबर वाहतात, मग गवताच्या कुरणात उतरतात आणि पहिलं वर्ष बरंचसं वाळूत पुरून काढतात. त्यातली मोठी होतात ती मोजकीच. अंडी लाखांनी असल्यामुळे लोकांना वाटतं, हा काय संपतोय. मलाही पहिली काही वर्षं तसंच वाटायचं. पण मासा जसा पाण्यात अंडी आणि बीज सोडून मोकळा होतो तसं काँकचं नाही. नराला मादीपर्यंत चालत जावं लागतं, एकेक उडी मारत. काँक विरळ झाले की भेटच होत नाही. बहामातल्या पाहणीत असं दिसलं की हेक्टरमागे मोठे काँक ५६ च्या खाली गेले तर समागम थांबतोच. म्हणजे अडीच एकर समुद्रतळावर चाळीसेक काँक जिवंत, धडधाकट आहेत आणि तरी एकही अंडं पडत नाही. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. आदल्याच आठवड्यात एका लग्नाच्या जेवणासाठी आम्ही चाळीस किलो मांस लावलं होतं.

फ्लोरिडाचं उदाहरण डोळ्यासमोर ठेव. की वेस्ट बेटावर जन्मलेली माणसं स्वतःला काँक म्हणवून घेतात, १९८२ मध्ये तर त्यांनी गंमत म्हणून काँक रिपब्लिक जाहीर केलं. पण तिथे धंद्यासाठी काँक धरणं १९७५ मध्येच बंद झालं होतं आणि पुढच्या दहाएक वर्षांत घरच्यापुरता धरणंही बंद झालं. इतकी वर्षं बंदी असूनही तिथला काँक पूर्वीसारखा भरला नाही. की वेस्टच्या हॉटेलात भजी खाशील तो काँक बाहेरून आलेला असतो. बर्म्युडात १९७८ पासून बंदी. वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स करारात १९९२ मध्ये काँक दुसऱ्या परिशिष्टात गेला, म्हणजे देशाबाहेर न्यायचा तर परवाना हवा. २००३ मध्ये होंडुरास, हैती आणि डोमिनिकन रिपब्लिक या तिघांकडून येणाऱ्या मालाला त्याच करारान्वये लगाम लागला. जमैकाने २०१९ मध्ये हंगामच बंद ठेवला. अमेरिकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला संकटग्रस्त यादीत घातलं. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै होड्या किनाऱ्याला असतात आणि जुने कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतात, तशी विसावा घेण्याची सवय काही देशांनी लावून घेतली. बेलीझमध्ये जुलै ते सप्टेंबर काँक धरत नाहीत, ते दिवस त्याच्या विणीचे. बहामात मी होतो तेवढी वर्षं काँकला असा बंद हंगाम नव्हता. तिथे ओठ बघणं हाच काय तो आडोसा.

आणि तो आडोसा किचनमध्ये कसा कोसळतो, ते मी पाहिलंय. हॉटेलला शंख येत नाही, सोललेलं मांस येतं, गोठवलेलं. ओठ समुद्रातच राहिलेला. एकदा एका पुरवठादाराकडून पेटी आली, उघडून वजन केलं तर किलोला अठरा-वीस नग. मोठ्या, दीड-दोन किलोच्या काँकमधून साफ मांस शंभर-दीडशे ग्रॅम निघतं, म्हणजे किलोला सात ते दहा नग बसायला हवेत. पेटीभर पोरं होती. मी शेफना दाखवलं, ते म्हणाले, कागद ठीक आहेत, लाव. लावलं. तेव्हापासून मी प्रत्येक पेटीतले नग मोजतो. सांबाचं मांसही कधी कधी लहान निघतं, शंख आतून जाड होत गेल्यामुळे जागा कमी उरते. त्यामुळे एखाददुसरा लहान नग दिसला म्हणून ओरडू नकोस. पण अख्खी पेटी बारीक असेल तर समजून जा.

आता हातातलं काम. पॉटर्स की म्हणून नसाऊत धक्का आहे, पॅराडाइज आयलंडला जाणाऱ्या पुलाखाली. स्पेलिंगवर जाऊ नकोस, छोट्या बेटाला तिथे 'की' म्हणतात. पहिल्या सुट्टीला तिथे जा आणि तासभर नुसता उभा राहून बघ. होड्यांतून जिवंत काँक येतात, ओठाला भोक पाडून पाच-पाच एकत्र बांधलेले. उथळ पाण्यात ठेवले तरी पाच जण पाच दिशांना ओढतात, जागचे हलत नाहीत.

शंख आडवा धरायचा, तोंड खाली, शेंडा स्वतःकडे. शेंड्यावर काटेरी गाठींचे वेढे असतात. टोकाकडून मोजत ये, तिसऱ्या आणि चौथ्या वेढ्याच्या मधे हातोडीच्या चपट्या टोकाने ठोकायचं. दोन-तीन ठोक्यांत दीडएक इंचाची फट पडते. तिथून पातळ सुरी आत घालून मधल्या खांबाला घासत फिरवायची. जनावर एका स्नायूने त्या खांबाला घट्ट धरून असतं, तो सुटला की हाताला लगेच कळतं, सगळा ताण जातो. मग शंख उलटा करून ते नख धरायचं आणि सरळ ओढायचं. ओला आवाज करत सगळं एकदम बाहेर येतं. स्नायू सुटलेला नसताना ओढलंस तर नख तेवढं हातात येईल आणि बाकीचं आत राहील.

या फटीची एक गोष्ट मला फार आवडते. कॅरिबियन बेटांवर जुन्या शंखांचे ढीग आहेत, अनेगाडा बेटाजवळ तर नुसत्या शंखांचे ढिगारे पाण्याबाहेर आलेत. युरोपीय लोक येण्याआधीच्या शंखांत भोक गोल असतं, कारण तिथले मूळ लोक दुसऱ्या काँकच्या टोकाने ठोकून पाडायचे. लोखंड आल्यावर फट लांबट झाली. पुरातत्त्ववाले भोकाचा आकार बघून ढीग कुठल्या काळातला ते ओळखतात.

बाहेर आलेला गोळा बघून घाबरू नकोस. मऊ, करडा, पिळवटलेला भाग पोटाचा, तो कापून टाक. सोंड, डोळे, कडेची झालर, नख, सगळं काढ. त्यात एक पारदर्शक, काचेच्या कांडीसारखी दोरी सापडेल, त्याला तिथे पिस्टल म्हणतात. धक्क्यावरचे पुरुष ती उचलून जिवंतच गिळतात, ताकद येते म्हणून. खरं तर ती त्याची पचनाची कांडी, शेवाळ पचवायला रस सोडणारी. उरतो तो पांढरा स्नायू, वरून नारिंगी-तपकिरी कातडीचा. कातडी दातांनी धरून ओढणारे मी पाहिलेत; तू सुरीने सोल. बुळबुळीतपणा काही केल्या जात नाही असं वाटेल. जाडं मीठ आणि लिंबू लावून चोळ, धू, परत चोळ. तिसऱ्या-मुळ्यांसारख्या शिंपल्यांना आपण वाळू जाईपर्यंत पाणी बदलत राहतो, तसा धीर इथेही लागतो.

धुण्यावरून कच्चं खाण्याकडे येतो. काँक सॅलड म्हणजे कच्चं मांस बारीक चिरून त्यात कांदा, टोमॅटो, भोपळी मिरची, गोट पेपर नावाची तिखटजाळ मिरची, लिंबू आणि आंबट संत्र्याचा रस. स्कॉर्च्ड काँक म्हणजे चिरा पाडून मीठ-मिरची-लिंबू लावलेला, तोही कच्चाच. चवीला गोडसर, कुरकुरीत, ताज्या कोवळ्या नारळाच्या जवळ जाणारा. मी आवडीने खातो.

पण लिंबाने मांस पांढरं पडतं म्हणून ते शिजलं असं समजू नकोस. लिंबाने प्रथिनं आखडतात, जंतू मरतीलच याचा भरवसा नाही. उबदार समुद्रात व्हिब्रिओ नावाचे जंतू असतात, काँकवर ते हमखास सापडतात आणि उन्हात पडलेल्या मांसावर झपाट्याने वाढतात. नसाऊत काँकमुळे जुलाब-उलट्यांच्या साथी येऊन गेल्यात, २०१८ च्या उन्हाळ्यातही आली होती. बऱ्याचदा काँकचा दोष नसतो, बंदरातल्या पाण्यात तो विसळण्याचा असतो. म्हणून ज्या टपरीवर नळाचं वाहतं पाणी आहे, बर्फ आहे आणि काँक तुझ्यासमोर फोडला जातो तिथेच खा. फुटलेल्या काँकच्या मांसाला बोट लावून बघ. ताजं असेल तर आकसतं. किचनमध्ये कच्च्यासाठी वेगळी फळी, वेगळी सुरी, पिण्याच्या पाण्याने तीनदा धुणं आणि बर्फावर ठेवणं, यात सूट नाही. यकृताचा आजार असलेल्या पाहुण्याला कच्चा काँक देऊ नकोस, त्याला हे जंतू जिवावर बेतू शकतात. घरच्या धुळीची ॲलर्जी असलेल्या काहींना गोगलगायीच्या जातीचं मांस सोसत नाही, तेही विचारून घे.

शिजवण्याचं गणित माकुलासारखं आहे: एकतर झटपट, नाहीतर भरपूर. मधलं काही नाही. दोन-तीन मिनिटांच्या पुढे गेलं की चिवट होतं आणि मग मऊ व्हायला तासभर घेतं. क्रॅक्ड काँक करायचा तर स्नायू आडवा उघडून खाचांच्या हातोडीने चेच, दुप्पट पसरेपर्यंत. फळीवरून उचलून उजेडात धरलास तर जाळी दिसायला हवी. मग पीठ-अंडं लावून कडकडीत तेलात दोन मिनिटं. भज्यांसाठी बारीक खिमा कर, तुकडे मोठे ठेवलेस तर चावताना दात दुखतील. रश्श्यासाठी मी कुकर लावतो. तिथल्या शेफना सुरुवातीला पटलं नव्हतं. नुसत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं, मीठ नंतर. ते पाणी फेकू नकोस, सगळी चव त्यात उतरते. स्टाफच्या जेवणाला मी त्यात भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप आणि घरून आणलेली आमसुलं घालायचो. धक्क्यावर काम करणारा एक म्हातारा बहामियन कुक दर गुरुवारी त्याचा डबा भरून न्यायचा. गोठवलेलं मांस वापरताना संकोच करू नकोस. बर्फात ठेवून सोडवल्यावर ते ताज्यापेक्षा मऊ पडतं, चेचायला कमी लागतं. पेटीवर किती टक्के साफ ते लिहिलेलं असतं. पन्नास टक्के म्हणजे पोट तेवढं काढलंय, शंभर म्हणजे नुसता पांढरा स्नायू. दर विचारताना दोन्हींची गल्लत करू नकोस.

राहिला आईचा शंख.

काँकही फुंकतात. हैतीत गुलामांनी बंडाची हाक लांबी फुंकून दिली, पोर्ट-ओ-प्रिन्समधल्या पळून गेलेल्या गुलामाच्या पुतळ्याच्या ओठाला तोच शंख आहे. बहामाच्या राजचिन्हावरही सगळ्यात वर काँकच. पण खाण्यासाठी फोडलेल्या शंखाला ती फट असते, वारा तिथूनच निघून जातो, तो वाजत नाही. आणि देवघरात आपण ठेवतो तो हा नव्हेच. साइट्सच्या नियमात प्रवाशाला स्वतःपुरते तीन काँक शंख विनापरवाना नेण्याची सवलत आहे, पण प्रत्येक देश ती मानेलच असं नाही, त्यामुळे मुंबईला उतरताना हातात कागद नसेल तर अडवतील अशी तयारी ठेव. मी तरी सांगेन, आणू नकोस. आईला देवघराचा शंख इथेच घे. घेताना कोणी दक्षिणावर्ती, म्हणजे उलट्या वळणाचा दुर्मिळ शंख, म्हणून मोठी किंमत सांगितली तर आतल्या मधल्या खांबावर बोट फिरवून बघ. आपल्या खऱ्या शंखाला तिथे तीन-चार आडव्या वळ्या लागतात. तो खांब गुळगुळीत लागला तर बहुतेक वेळा तो फ्लोरिडा-मेक्सिकोकडचा, जन्मतःच डावीकडे तोंड असलेला दुसराच शंख असतो, तिकडे समुद्रकाठी सहज सापडणारा.

नसाऊला पोचल्यावर पहिल्या आठवड्यात पॉटर्स कीला गेलास तर करंगळी लावून दोन-चार काँकचे ओठ बघ आणि काय दिसलं ते मला कळव. मी सोडून आलो तेव्हा दहात तीन-चार पातळ निघत होते.